बेअरिंग दर तीन महिन्यांनी जातंय? आधी मेलेलं बेअरिंग उघडून बघा

भोसरीच्या एका फाउंड्रीत देखभाल खात्यात नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरचा प्रश्न आहे. शेकआउटच्या (साचा फोडून ओतकाम बाहेर काढायच्या जागेच्या) डस्ट कलेक्टरवर ४० एचपीचा, बेल्टवर चालणारा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर आहे. त्याचं पुलीकडचं बेअरिंग दर तीन महिन्यांनी जातं. ग्रीस दर आठवड्याला न चुकता मारतात, बेअरिंग चांगल्या कंपनीचं घालतात, दोनदा बॅलन्सिंगही करून झालं. सक्शन कमी पडत होतं म्हणून गेल्या वर्षी पुली बदलून ब्लोअरचा वेग १६०० वरून १७६० आरपीएम केला. आता प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं वेळापत्रक नव्याने लावायचं आहे, ते कसं असावं?

वेळापत्रक सांगतो, पण नंतर. दर तीन महिन्यांनी बेअरिंग जात असेल तर तिथे कोणीतरी बेअरिंग मारतंय. तो सापडल्याशिवाय वेळापत्रक लावलं तर बेअरिंग ठरल्या तारखेला बदललं जाईल, एवढाच फरक पडेल. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात मी बरीच वर्षं पंखे आणि ब्लोअर सांभाळले आहेत. बेअरिंग स्वतःच्या दोषाने गेलंय असं मला फार क्वचित दिसलं. बहुतेक वेळा त्याला ग्रीसने, धुळीने, बेल्टने किंवा वेल्डिंगने मारलेलं असतं.

म्हणून पहिलं काम हे, की काढलेलं बेअरिंग भंगारात टाकू नका. रॉकेलमध्ये धुवा, बाहेरची रिंग ग्राइंडरने दोन ठिकाणी कापून वेगळी करा आणि उन्हात नेऊन नीट बघा. रोलर जिथून फिरले तो पट्टा रिंगवर उमटलेला असतो. तो पट्टा कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे.

बेल्टचा ओढा एकाच दिशेने असतो, त्यामुळे त्याची खूण बाहेरच्या रिंगवर एकाच बाजूला, मोटरच्या दिशेला, पडते. आतली रिंग मात्र गोल सगळीकडे सारखी घासलेली दिसते. एवढं ठीक आहे, तसं असायलाच हवं. पण त्याच जागी खड्डे पडून कपचे निघाले असतील तर बेल्ट फार ताणलाय. उलट बाहेरची रिंग चहूबाजूंनी घासलेली आणि आतल्या रिंगवर एकाच भागात गडद पट्टा असेल, तर इम्पेलरचा, म्हणजे ब्लोअरच्या पात्यांच्या चाकाचा, तोल गेलेला आहे, कारण असंतुलनाचं ओझं शाफ्टबरोबर फिरतं आणि आतल्या रिंगच्या एकाच भागावर बसून राहतं. दोन रांगांपैकी एकाच रांगेचा मार्ग खोल घासला असेल तर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने रेटा येतोय. बाहेरच्या रिंगवर समोरासमोर दोन ठिकाणी खुणा असतील तर ब्लॉकचा (बेअरिंग ज्या घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये बसतं त्याचा) पाया सपाट नाही आणि बोल्ट आवळल्यावर हाउसिंगने रिंग दाबून लंबुळकी केली आहे. सगळीकडे राखाडी, चमक गेलेला पृष्ठभाग दिसला तर आत वाळू गेली. निळसर-तपकिरी रंग असेल तर उष्णता. आणि धुण्याच्या फळीसारख्या समांतर रेघा दिसल्या तर बेअरिंगमधून वीज गेली आहे.

शेवटच्या खुणेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण फाउंड्रीत हे फार होतं आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मला असाच ब्लोअर दाखवला होता. सहा महिन्यांत तीन बेअरिंगं गेली होती. कापून बघितल्यावर रोलरवर बारीक काळे ठिपके दिसले, जणू सुईने टोचलेत. चौकशी केली तेव्हा कळलं, की वाळूने इम्पेलरची पाती झिजायची, म्हणून दर दोन महिन्यांनी पात्यांवर जागेवरच हार्डफेसिंगचे (झीज सोसणाऱ्या कठीण थराचे) वेल्ड मारायचे आणि अर्थिंगचा क्लॅम्प ब्लोअरच्या बेस फ्रेमला लावायचे. म्हणजे वेल्डिंगचा करंट पात्यातून शाफ्टमध्ये, शाफ्टमधून बेअरिंगमध्ये आणि तिथून फ्रेमला जात होता. रोलर आणि रिंग यांच्यात ग्रीसचा थर केसाहून कितीतरी पातळ असतो. तिथे ठिणगी पडली की खड्डा पडलाच. क्लॅम्प थेट इम्पेलरला, वेल्ड मारायच्या जागेच्या जवळ लावायला सांगितलं. त्यानंतर ते दुखणं थांबलं. तुमच्याकडे बॅलन्सिंगचं वजन वेल्ड केलं असेल तर वेल्डरने क्लॅम्प कुठे लावला होता ते त्याच्याकडून जाणून घ्या. त्याला दोष देऊ नका, त्याला हे कोणी शिकवलेलंच नसतं.

आता तुमच्या ग्रीसकडे येऊ. या आकाराच्या ब्लोअरवर बहुधा २२२१३ के बेअरिंग एसएन ५१३ ब्लॉकमध्ये असतं. तुमचं वेगळं असेल तर त्याची मापं घ्या. ग्रीस पुन्हा किती भरायचं याचा हिशोब सोपा आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, गुणिले रुंदी, गुणिले ०.००५, म्हणजे ग्रॅम. २२२१३ चा व्यास १२० आणि रुंदी ३१, म्हणजे साधारण १८.६ ग्रॅम. आता तुमची ग्रीस गन घ्या, कागदावर दहा स्ट्रोक मारा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. बहुतेक हाताच्या गनमधून एका स्ट्रोकला एक-दीड ग्रॅम निघतं. तुमचा हेल्पर दर आठवड्याला पंधरा स्ट्रोक मारत असेल तर जवळजवळ अख्खी मात्रा दर आठवड्याला आत जातेय. हाउसिंग गच्च भरलं की रोलर ग्रीस घुसळत राहतात, तापमान चढतं, तेल सुटतं आणि मागे ग्रीसमधल्या साबणाचा गोळा उरतो. ७० अंशांच्या वर प्रत्येक १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं. ग्रीस मारल्यावर दोन दिवस बेअरिंग जास्त गरम लागतं का, हे बघा. लागत असेल तर उत्तर मिळालं.

धुळीच्या जागी मी महिन्यातून एकदा निम्मी मात्रा देतो, ब्लोअर चालू असताना, गार्डच्या बाहेर काढलेल्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून). निपल आधी कपड्याने स्वच्छ पुसायचं. ही साधी गोष्ट आहे, पण निपलवरची वाळू गनच्या दाबाने थेट बेअरिंगमध्ये जाते, म्हणजे देखभाल करता करता आपणच बेअरिंगला विष पाजतो. वर्षातून एकदा ब्लॉक उघडून जुनं ग्रीस पूर्ण काढायचं आणि मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत नवं भरायचं. आणि ग्रीस बदललं तर आधीचं सगळं धुऊन टाका. लिथियम आणि पॉलियुरियाचं ग्रीस एकमेकांत मिसळलं तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. स्टोअरमध्ये दोन रंगांचे डबे असतील तर गनही दोन ठेवा.

ब्लॉकमध्ये आणखी एक चूक हमखास सापडते. दोन ब्लॉकपैकी एकच फिक्स असतो, त्यात बेअरिंगच्या बाजूला लोकेटिंग रिंगा बसतात. दुसरा मोकळा, रिंगांशिवाय, म्हणजे शाफ्ट तापून लांब झाला की बेअरिंग सरकू शकेल. पोलाद एका मीटरला, एका अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. मीटरभर शाफ्ट बेसपेक्षा ५० अंश जास्त तापला तर ०.६ मिलिमीटर. दोन्हीकडे रिंगा घातल्या तर हे ०.६ कुठे जाणार? दोन्ही बेअरिंगं एकमेकांना रेटत राहतात आणि एकाच रांगेवर सगळा भार येतो. रिंगा बॉक्समध्ये सोबत येतात म्हणून फिटर घालून टाकतो. त्याला वाटतं, सुटा भाग उरला म्हणजे काम अर्धवट राहिलं.

बेअरिंगला शाफ्टवर पकडणाऱ्या स्लीव्हचा नट छिन्नी-हातोडीने अंदाजाने आवळणं हीसुद्धा आपल्याकडची जुनी सवय. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या. बसवण्याआधी वरच्या रोलरपाशी बेअरिंगची मोकळीक मोजा, आवळता आवळता पुन्हा पुन्हा मोजा. या आकाराला मोकळीक ०.०३ ते ०.०४ मिलिमीटरने कमी व्हायला हवी. त्याहून जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जातं, कमी आवळलं तर शाफ्टवर फिरतं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे.

बेल्टबद्दल. तुमचं नेमकं पुलीकडचंच बेअरिंग जातं, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे. दोन पुलींमधल्या मोकळ्या बेल्टच्या मध्यावर दाबल्यावर तो दर मीटरला सुमारे १६ मिलिमीटर दबायला हवा; किती जोर लावायचा ते बेल्ट बनवणाऱ्याच्या तक्त्यात सेक्शनप्रमाणे दिलेलं असतं. अंगठ्याने दाबून ‘टाइट आहे साहेब’ म्हणणं हा मोजण्याचा प्रकार नव्हे. नवा बेल्ट एक-दोन दिवस चालला की थोडा ढिला होतो, तेव्हा पुन्हा ताण द्यावा लागतो. हे दुसरं काम चुकवायचं असतं म्हणूनच लोक पहिल्या दिवशी अति ताणून ठेवतात, आणि ते बेअरिंग भोगतं. चार बेल्टपैकी एक तुटला तर चारही बदला. जुन्यांच्या शेजारी नवा घातला तर सगळा ओढा त्या एकावर येतो. पुली सरळ रेषेत आहेत का, हे बघायला दोरी पुरते: दोन्ही पुलींच्या कडांना चारही ठिकाणी टेकली पाहिजे. खाचा झिजून बेल्ट तळाला टेकत असेल, तळ चकचकीत दिसत असेल, तर पुलीच बदला.

आता त्या १७६० आरपीएमबद्दल बोलायलाच हवं. वेग दहा टक्के वाढवला तर हवा दहा टक्के वाढते, दाब २१ टक्के आणि वीज ३३ टक्के. आधी मोटर २४ किलोवॅट घेत असेल तर आता जवळजवळ ३२ मागणार, आणि ४० एचपी म्हणजे सुमारे ३० किलोवॅट. असंतुलनाचा धक्काही वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जो तोल आधी चालून जात होता तो आता २१ टक्के जास्त जोराने बेअरिंगला ठोकतोय. इम्पेलरला कमाल किती वेग चालतो हे बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय पुली बदलू नये. आणि मुळात सक्शन कमी का पडत होतं? डस्ट कलेक्टरच्या कापडी बॅगा चोंदल्या होत्या का, आडव्या डक्टमध्ये वाळू साचली होती का, फ्लँजची पॅकिंग फाटली होती का, हे कोणी बघितलं होतं का? पल्स-जेट बॅग फिल्टरचा दाबफरक साधारण १०० ते १५० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाच्या वर राहत असेल तर दुखणं बॅगांमध्ये आहे, ब्लोअरमध्ये नाही.

इथे एक गंमत नव्हे, तर खरा घोटाळा होतो. बॅगा चोंदल्या, हवा कमी झाली, की अशा ब्लोअरचा करंट उतरतो. टंग टेस्टरवर (तारेभोवती लावून करंट मोजायच्या मीटरवर) कमी अँपिअर दिसले की लोकांना बरं वाटतं, वीज वाचतेय असं वाटतं. खरं तर ब्लोअर उपाशी चाललेला असतो. उलट इन्स्पेक्शनचं दार उघडं राहिलं किंवा डक्ट निखळली की करंट चढतो. त्यामुळे अँपिअर नुसते ‘जास्त नाहीत ना’ म्हणून बघू नका, कालच्यापेक्षा बदललेत का ते बघा. आणखी एक: मोटर रिवाइंड होऊन आली आणि फेज उलटसुलट जोडल्या गेल्या, तर सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरूनही हवा त्याच दिशेने टाकतो, फक्त फार कमी. हात धरला तर वारा लागतो म्हणून कोणाला शंका येत नाही. सक्शन पडल्याची तक्रार मोटरच्या कामानंतरची असेल तर आधी केसिंगवरचा बाण बघा.

बॅलन्सिंग दोनदा केलंत, पण इम्पेलर साफ करून केलंत का? पात्यांच्या मागच्या बाजूला धुळीचा थर चिकटतो आणि घट्ट होतो. त्या थरासकट तोल साधला, तर आठ दिवसांनी एक ढेकूळ सुटतं आणि आता लावलेलं वजनच असंतुलन बनतं. आधी तारेच्या ब्रशने सगळी पाती, मागूनसुद्धा, सारखी घासायची, झीज आणि तडे बघायचे, मग मोजायचं. निम्म्या वेळा नुसत्या सफाईने कंप खाली येतो आणि बॅलन्सिंगवाल्याला बोलवावंच लागत नाही.

कंप मोजायला पेनसारखं साधं मीटर चालेल, पण दर वेळी त्याच जागी टेकवा. हाउसिंगवर रंगाने तीन ठिपके करा: आडवा, उभा, अक्षीय (शाफ्टच्या लांबीच्या दिशेने). अशा पंख्यांसाठी आयएसओ १४६९४ मध्ये पक्क्या पायावर नवा सुरू करताना ४.५ मिलिमीटर प्रतिसेकंद आरएमएसपर्यंत, ७.१ ला इशारा आणि ९ ला बंद, अशा मर्यादा आहेत. पण २.५ वरून दोन आठवड्यांत ५ वर गेलेला ब्लोअर माझ्या मते वर्षभर ५.५ वर स्थिर असलेल्यापेक्षा जास्त काळजीचा. फिरण्याच्या वेगाइतक्याच वारंवारतेला कंप जास्त असेल तर तोल. दुप्पट वारंवारतेला आणि अक्षीय दिशेला जास्त असेल तर अलाइनमेंट किंवा ढिलाई. बोल्टच्या कडेचा रंग तडकून गंजाची रेघ दिसली तर तो बोल्ट हलतोय, मीटरची गरज नाही. आवळण्याआधी चारही पाय एकेक ढिले करून डायल गेज लावा. पाय उचलला जात असेल तर शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला.

आता वेळापत्रक. रोज, प्रत्येक शिफ्टला, पाच मिनिटं: दोन्ही बेअरिंगांचं तापमान ठरलेल्या ठिपक्यावर, अँपिअर, बॅग फिल्टरचा दाबफरक, आणि लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकवर टेकवून कानाने ऐकणं. आकडे वहीत, पेनने, त्याच वेळी. ‘ओके’ लिहायला बंदी घाला. आठवड्याने, म्हणजे आपल्याकडे गुरुवारच्या सुट्टीला, बेल्टचा ताण, गार्ड, बोल्ट, कॅनव्हासचा सांधा फाटलाय का, आणि मोटरच्या पंख्याची जाळी साफ. महिन्याला कंपाच्या सहा नोंदी, ग्रीसची निम्मी मात्रा, आणि इम्पेलरचं दार उघडून बॅटरीच्या उजेडात आत बघणं. तुमच्याकडची वाळू बघता सफाई महिन्यालाच करावी लागेल. वर्षाला पूर्ण उघडून इनलेट कोन आणि इम्पेलर यांच्यातली फट चहूबाजूंनी सारखी आहे का, पात्यांची जाडी, शाफ्ट, ब्लॉक, डॅम्परचे सांधे.

मे महिन्याच्या अखेरीस एक वेगळी फेरी हवी. उघड्यावरच्या ब्लोअरचं केसिंग पावसात टाकीसारखं भरतं, कारण तळाचं ड्रेन धुळीने बंद असतं. त्यात सळई घालून मोकळं करा. शाफ्ट केसिंगमध्ये शिरतो तिथलं सील, मोटरच्या टर्मिनल बॉक्सची ग्लँड आणि गॅस्केट बघा. पावसाळ्यात आठवडाभर बंद राहिलेली मोटर सुरू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासा. ५ मेगओहमच्या खाली असेल तर आधी वाळवा.

स्टँडबाय ब्लोअर असेल तर त्याचा शाफ्ट आठवड्याला हाताने फिरवा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबवा. शेजारच्या यंत्रांच्या कंपाने उभ्या बेअरिंगच्या रिंगवर रोलरच्या अंतराने खाचा पडतात आणि ‘नवाच तर आहे’ म्हणत सुरू केलेला ब्लोअर पहिल्या दिवशीच ओरडतो. ईटीपीतला (सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला) ट्विन लोब ब्लोअर, म्हणजे दोन फिरत्या लोबनी हवा ढकलणारा, तुमच्याकडे असेल तर त्याला यातलं बरंच लागू नाही: तिथे काचेतली तेलाची पातळी, सक्शन फिल्टर आणि रिलीफ व्हॉल्व्ह ही मुख्य कामं, आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून तो कधीही सुरू करायचा नाही.

हात आत घालण्याआधी आयसोलेटरला कुलूप, आणि किल्ली ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात. स्विच बंद असला तरी चिमणीच्या खेचाने किंवा त्याच डक्टवरच्या दुसऱ्या ब्लोअरमुळे इम्पेलर आपोआप फिरू शकतो. म्हणून डॅम्पर बंद करून इम्पेलर लाकडाच्या ठोकळ्याने किंवा दोरीने बांधल्याशिवाय कोणालाही आत जाऊ देऊ नका. गार्ड काढून ‘पाच मिनिटांत बघतो’ म्हणणाऱ्या माणसाचं बोट गेलेलं मी पाहिलंय. फिरत्या भागांना कुंपण कायद्याने सक्तीचं आहे, पण मी कायद्यासाठी नाही, त्या माणसाच्या घरच्यांसाठी सांगतोय.

येत्या गुरुवारी एवढंच करा: इम्पेलर पूर्ण साफ करा, बेल्ट मोजून ताणा, मोकळ्या ब्लॉकमध्ये रिंगा नाहीत याची खात्री करा, बॅगांचा दाबफरक लिहा आणि शक्य असेल तर जुनी पुली परत बसवून वेग १६०० वर आणा. ग्रीस महिनाभर थांबवा. सुरू केल्यावर पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी तापमान लिहा आणि तीन दिशांचा कंप घ्या. ते आकडे आणि कापलेल्या बेअरिंगच्या दोन्ही रिंगांचे फोटो, बाहेरच्या रिंगवर मोटरची दिशा खडूने दाखवून, मला पाठवा.